साक्षीदाराच्या पिंजऱ्याची जबानी

मी एक जुना पिंजरा आहे. दचकू नका मित्रांनो. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भागात पिंजरा म्हटले की आधी बिबट्या आठवतो आणि उसाच्या कडेला लावलेली ती लोखंडी पेटी डोळ्यांपुढे येते. माझ्यात बिबट्या कधी शिरला नाही. माझ्यात माणसे आली, तीही आपल्या पायांनी, चपला बाजूला काढून. मी कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा आहे. चार पाय, मधे एक फळी आणि तीन बाजूंनी कठडा, एवढेच माझे शरीर. माणूस फळीवर उभा राहतो, शपथ घेतो आणि पाहिले ते सांगतो.

सध्या मी कोर्टाच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत पडून आहे. दारावर निर्लेखनाची यादी डकवली आहे. निर्लेखन म्हणजे हे सामान आता कामाचे नाही, असे सरकारने लिहून देणे. यादीत माझा नंबर अकरावा. दहावा नंबर एका गंजक्या कपाटाचा आणि बारावा पाण्याच्या पिंपाचा. ते दोघे निवांत आहेत. मला मात्र चैन पडत नाही. आवारात भंगाराच्या टेम्पोचा आवाज आला की वाटते, आला बोलावणारा, आणि माझे सांगायचे राहून गेले. हजारो जणांच्या जबान्या मी ऐकल्या, पण मला कधी कुणी शपथ दिली नाही. आणि माझ्याकडे एक कबुली आहे.

म्हणून माझी शपथ मीच घेतो. खरे सांगेन, खोटे सांगणार नाही. कोर्ट कोणत्या गावचे, ते सांगणार नाही, कारण साक्षीदाराने लागेल तेवढेच सांगावे. आणि पाहिलेले सांगावे, ऐकीव सांगू नये. वर्षानुवर्षे हे कानावर पडून माझ्या लाकडात मुरले आहे.

माझा जन्म जुन्नरच्या कासम मिस्त्रींच्या हातचा. साल सत्त्याण्णव. एका पाडलेल्या कोठाराच्या सागवानी तुळया त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. कासम मिस्त्रींचे काम म्हणजे रेषेत, असे गिऱ्हाईक म्हणायचे, आणि ते ऐकून मिस्त्री नुसते हसायचे. पण गिऱ्हाईक गेले की काटकोन मोजायचा गुण्या लावून कोपरा पुन्हा एकदा तपासायचे. माझ्या फळीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी पटाशीने तीन लहान खाचा पाडल्या. ती त्यांची खूण होती.

माझ्यात सर्वांत आधी उभी राहिली ती त्यांची चार वर्षांची मुलगी रुबिना. कठडा तिच्या डोक्यापेक्षा उंच होता. गजांमधून तोंड बाहेर काढून तिने विचारले, "अब्बा, इथं हुबं राहून काय करायचं?"

"खरं बोलायचं, बेटा," कासम मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा पॉलिशच्या कामाला लागले.

मला बैलगाडीतून कोर्टात आणले. कोर्ट तेव्हा जुन्या दगडी इमारतीत होते. मला जागेवर ठेवले आणि मी डुगडुगलो. मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी वाकून पाहिले. बाहेरच्या कडुनिंबाचे मूळ जमिनीखालून आत शिरले होते आणि नेमकी माझ्या एका पायाखालची फरशी बोटभर वर आली होती. फरशी बसवून घ्यावी, असे त्यांनी सुचवले. कोर्टाचे शिपाई कुशाबा हसले. "मिस्त्री, फरशीला हात लावायचा तर अर्ज करावा लागंल. अर्ज पुण्याला जाईल. तवर तुमची पोरगी वकील हुईल."

"मंग फरशी सरकारची, पन पाय माझा हाय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी माझा तो पाय बोटभर कापला. मी ठाम उभा राहिलो. सोळा वर्षे मी तसूभर हललो नाही.

ती माझी खरी उमेदीची वर्षे. किती जण माझ्यासमोर लहानाचे मोठे झाले! एक ज्युनिअर वकील पहिल्या उलटतपासात तीनदा पाणी प्यायला होता. तोच पुढे जिल्ह्याचा सरकारी वकील झाला. वारसाच्या नोंदीसाठी साक्ष द्यायला आलेली एक बाई, पदर सावरता सावरता बोलायची विसरली. पुढच्या खेपेला ती सरपंच म्हणून आली आणि त्याच्या पुढच्या खेपेला पंचायत समितीची सभापती म्हणून. तेव्हा वकिलांनाच तिने दोनदा गप्प केले. इथून बदलून गेलेले एक न्यायाधीश उच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा बार रूममध्ये पेढे वाटले गेले. मला कुणी पेढा दिला नाही, पण मीही मनातून फुगलो. मोठी माणसे मोठी होण्याआधी कशी दिसतात, हे मी जवळून पाहिले आहे.

मग दोन हजार तेरा साली कोर्ट नव्या इमारतीत गेले. गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स, आरशासारखी सपाट जमीन. टाइलला ओरखडे पडू नयेत म्हणून माझ्या चारही पायांना रबरी बुचे बसवली. आणि इथेच घोटाळा झाला. वाकड्या जमिनीसाठी कापलेला पाय सरळ जमिनीवर अधांतरी राहिला. मी हलू लागलो. रबरामुळे आवाज नाही. त्यातून डोक्यावर पंख्याची घरघर. कुणाला पत्ता लागला नाही.

कुशाबांना मात्र पहिल्याच दिवशी कळले. त्यांनी आदल्या दिवशीचा बोर्ड घेतला. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी. तिच्या आठ घड्या घालून त्यांनी ती माझ्या पायाखाली सरकवली. संध्याकाळी झाडूपोछा करणारी बाई ती कचऱ्यात टाकायची. सकाळी कुशाबा नवी घडी घालायचे. असे वर्षभर चालले. एवढ्याशा गोष्टीसाठी साहेबांना काय सांगायचे, असे त्यांना वाटत असावे. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणे झाली. त्यांचा पुकारा कसा वेशीपर्यंत ऐकू जायचा, यावर तिघे जण बोलले. रोज सकाळी तुम्ही वाकून काय करत होतात, हे कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा हलू लागलो. चार वर्षे हललो.

तुम्ही विचाराल, मग माणसांनी तक्रार का केली नाही? त्याचे उत्तर ऐकून मला आजही कसेसे होते. माझ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला वाटायचे की आपलेच पाय लटपटत आहेत. कोर्टात आलेला साधा माणूस आधीच धास्तावलेला असतो. पायाखालची फळी हलली तर तो फळीला दोष देत नाही. नेहमी साक्षीला येणारे, सरावलेले लोक मला टेकून, कठड्यावर कोपर रोवून उभे राहायचे. त्यांच्या भाराने मी एका बाजूला दबून स्थिर व्हायचो. हात जोडून, अंग चोरून सरळ उभी राहायची ती पहिल्यांदा आलेली माणसे, आणि थरथरताना दिसायची तीही तीच. आणि वकील व न्यायाधीश तर माझ्यावर कधी चढतच नाहीत.

आता माझ्या कबुलीचा मुख्य भाग सांगतो. साल दोन हजार अठरा.

आहुप्याचा सावळेराम वनमजूर होता. तिथल्या देवराईची राखण करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही, देवाची वस्तू देवापाशीच राहते. त्याच देवराईतली दोन मोठी झाडे एका दुपारी कुणीतरी तोडून नेली आणि बुंध्यापाशी सावळेरामची कुऱ्हाड सापडली. कुऱ्हाड आठ दिवसांपूर्वीच हरवली होती, असे तो सांगत होता. खटला उभा राहिला. समोरच्या आरोपीच्या पिंजऱ्यात तो मान खाली घालून बसायचा. शिक्षेची भीती होतीच, पण तिच्याहून मोठे दुःख त्याला दुसरेच होते. निकाल लागेपर्यंत देवराईत पाऊल टाकायचे नाही, असे त्याने स्वतःच ठरवले होते. "देवाम्होरं कंच्या तोंडानं जाऊ?" असे तो आपल्या वकिलाला म्हणाला, तेव्हा मी दोन हातांवर होतो.

ही वकील म्हणजे रुबिना. होय, तीच. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेतून तिला मिळालेला हा पहिलाच खटला. एसटीने पुण्याला ये-जा करत तिने वकिलीचे शिक्षण पूर्ण केले होते. काळा कोट नवा होता आणि खिशात तीन पेने होती, कारण एक ऐनवेळी बंद पडले तर काय, अशी तिला धास्ती.

बचावाला एकच साक्षीदार होती, सत्तरीची कोंडाबाई. कुणीतरी तिला शिकवले होते की कोर्टात कठड्याला टेकणे बरे दिसत नाही. ती फळीच्या मधोमध हात जोडून उभी राहिली.

"राईपाशी पिकअप व्हती साहेब," ती सांगू लागली. "दोन मानसं व्हती, आमच्यातली न्हाईत. मी हिरडा येचत व्हते. सावळेराम तवा माझ्याच पडवीत तापानं फणफणला व्हता. त्याला कांबळं मीच घातलेलं."

शब्द स्वच्छ होते. पण ती श्वास घेई तसा मी हलत होतो. तिचे जोडलेले हात हलत होते, बांगड्या वाजत होत्या. फळी का सरकते ते पाहायला ती सारखी खाली बघत होती. मी जिवाच्या आकांताने स्थिर राहायचा प्रयत्न केला. पण लाकडाच्या हातात काय असते?

न्यायाधीश सरवटे साहेब तरुण होते, हुशार होते, कामाला वाघ होते. ते पुढे मोठ्या पदावर जाणार, असे सगळे म्हणत. साक्षीदार साक्ष देताना कसा वागला, याचा शेरा लिहायचा न्यायाधीशांना अधिकार असतो. त्यांनी स्टेनोला सांगितले, "लिहा. साक्षीदार सतत थरथरत होती. नजर खाली होती."

माझ्या चारही सांध्यांतून कळ गेली.

कोंडाबाई खाली उतरली आणि रुबिनाचा हात धरून म्हणाली, "पोरी, मला काय झालं कुनास ठावं. पाय माजं ऐकनातच. मी खोटं न्हाई बोलले गं."

पुढच्या तारखेला सरकारी वकील बाळासाहेब युक्तिवादाला उभे राहिले. माणूस चांगला, पण जीभ तिखट. तो शेरा वाचून दाखवत ते म्हणाले, "साहेब, कर नाही त्याला डर कशाला? बाई खरी असती तर थरथरली असती का?" साहेबांनी मान हलवली. सावळेरामने डोळे मिटून घेतले.

दुपारची सुट्टी झाली. सगळे चहाला गेले. रुबिना एकटीच कोंडाबाईची जबानी पुन्हा पुन्हा वाचत बसली. मग ती उठली आणि माझ्या कठड्यावर फाईल ठेवून टेकली. मी तिच्या बाजूला कललो. ती चमकली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच फळीवर चढली. हात जोडले. डावीकडे भार दिला, उजवीकडे दिला. उतरून ती कोटाची पर्वा न करता टाइलवर बसली आणि माझा पाय व जमीन यांच्यामध्ये बोट घातले. बोट आरपार गेले. मग वाकून फळीखाली पाहताना तिला त्या तीन खाचा दिसल्या.

तिने खाचांवर हात ठेवला. तिच्या मनात काय चालले होते, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला माझी भीती सांगता येईल. सावळेरामला वाचवायचे तर भर कोर्टात सांगावे लागणार होते की तिच्या अब्बांचे काम लंगडे आहे. ज्या माणसाने आयुष्यभर एक कोपरा दोनदा तपासला, त्याच्या कामाला! मला वाटले, ती उठून जाईल आणि गप्प बसेल. मी तिला दोष दिला नसता.

ती उठली आणि अर्ज लिहायला बसली. पहिले पेन खरोखरच बंद पडले.

अर्ज वाचून सरवटे साहेबांनी चष्मा काढला. "स्थळपाहणी? मॅडम, स्थळपाहणीला आम्ही गाडी काढून जातो. इथं कुठं जायचं?"

"सात पावलं, साहेब," रुबिना म्हणाली. "आपल्या खुर्चीपासून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत."

बाळासाहेब हसत उठले. "साहेब, नाचता येईना अंगण वाकडं!" सगळे कोर्ट हसले. मागच्या बाकावरचा पोलीसही हसला. रुबिनाचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही. साहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिले, उद्या सकाळी अकरा वाजता.

मित्रांनो, त्या अकरा वाजण्याआधी काय घडले ते ऐका. साहेब पाहणीला येणार म्हटले की आपल्याकडे काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा तपासायला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी भिंती रंगतात. आमच्याकडेही तेच झाले. कुशाबांच्या जागी आलेला ऋषी नावाचा शिपाई भल्या सकाळी आला. त्याने मला तेलाने पुसले, गजांमधली धूळ काढली आणि मग पुठ्ठ्याची जाड घडी करून माझ्या पायाखाली ठोकून बसवली. "साहेबच उभं ऱ्हानार म्हनल्यावर हालून कसं चालंल?" तो स्वतःशीच पुटपुटला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आपल्या कोर्टाची लाज राखावी, इतकेच.

अकरा वाजले. सरवटे साहेब खुर्चीवरून उतरले. सात पावले चालून माझ्यावर चढले. आयुष्यात पहिल्यांदा मला हलायचे होते. मी हलण्यासाठी तडफडत होतो, आणि हलू शकत नव्हतो. साहेबांनी डावीकडे भार दिला, उजवीकडे दिला. मी खडकासारखा उभा.

"मॅडम, मला तर काही जाणवत नाही," साहेब म्हणाले.

बाळासाहेब मिशीत हसले. रुबिनाने हातातला अर्ज पुन्हा उघडला. समोर सावळेराम तिच्याकडे बघत होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "साहेब, इनंती हाय."

दारात कासम मिस्त्री उभे होते. दाढी पांढरी झाली होती, खांद्याला हत्यारांची तीच पिशवी होती. आपल्या कामाची पाहणी होणार, ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली ते मला माहीत नाही. रुबिनाने सांगितली नसावी, कारण त्यांना पाहून तिचा हात तोंडावर गेला.

"मी कासम. ह्यो पिंजरा माझ्या हातचा हाय. जरा बघू द्या."

साहेबांनी परवानगी दिली. मिस्त्री माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले. माझ्या पायावरून त्यांनी हात फिरवला. घडी त्यांच्या हाताला लागली. गप्प बसले असते तर त्यांचे नाव रेषेत राहिले असते. पुठ्ठा घट्ट बसला होता, कुणालाच कळले नसते. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिले आणि घडी ओढून काढली.

"आता हुबं ऱ्हावा, साहेब. टेकू नका. हात जोडून ऱ्हावा."

सरवटे साहेबांनी हात जोडले. मी हललो. साहेब सावरायला गेले तसा आणखी हललो. त्यांच्या हातातला कागद फडफडू लागला. सगळ्या कोर्टाने पाहिले, न्यायाधीश थरथरत होते. फळीला काय झाले ते पाहायला त्यांनी खाली पाहिले.

"साहेब," रुबिना हलक्या आवाजात म्हणाली, "आपली नजर खाली गेली."

कुणी हसले नाही.

"जुन्या कोर्टात फरशी वर व्हती, म्हनून ह्यो पाय मीच कापला," कासम मिस्त्री म्हणाले. "कोर्ट हाललं तवा येऊन बघाया पायजे व्हतं. चूक माझी हाय. लिवून घ्या."

साहेब उतरले. त्यांनी ऋषीला विचारले, "हा कधीपासून हलतो?"

"मी आल्यापास्नं, साहेब. चार वर्सं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"कुनी इचारलं न्हाई, साहेब."

साहेब त्याच्यावर रागावले नाहीत. ते पुन्हा खुर्चीवर गेले आणि स्टेनोला म्हणाले, "लिहा. आज स्थळपाहणी केली. पिंजरा सदोष आढळला. साक्षीदाराच्या थरथरण्याबाबतचा माझा शेरा विचारात घेता येणार नाही. साक्षीदाराला पुन्हा बोलवावं." बाळासाहेब उभे राहिले. सगळ्यांना वाटले, आता विरोध करणार. ते म्हणाले, "सरकार पक्षाची हरकत नाही." मग बसता बसता रुबिनाकडे वळून पुटपुटले, "अंगण खरंच वाकडं निघालं की हो."

मिस्त्रींनी तिथेच बाभळीचा तुकडा कापून माझ्या आखूड पायाला जोडला. काम संपल्यावर ते कठडा धरून तिथेच बसले. रुबिना त्यांच्या शेजारी बसली.

"चार वर्सं, बेटा," ते म्हणाले. "लई मानसं हुबी ऱ्हायली असतील गं ह्याच्यावर."

त्या एका वाक्याने माझी झोप कायमची उडवली.

आठ दिवसांनी कोंडाबाई पहाटेच्या एसटीने पुन्हा आली. माझ्यावर चढली, हात जोडले. मी आता दगडासारखा ठाम होतो. मी वाट पाहत होतो की आता ती स्थिर उभी राहील आणि सगळ्यांना दिसेल. पण मित्रांनो, तिचे हात तरीही थरथरत होते. या वेळची थरथर माझी नव्हती. ती तिची होती. सत्तर वर्षांच्या हातांची, परक्या जागेची, पहिल्या वेळच्या अपमानाची. बांगड्या वाजत होत्या. आता साहेब काय लिहिणार?

सरवटे साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिले. मग हातातले पेन टेबलावर ठेवून दिले. "आजी, बसून सांगता का?"

"न्हाई साहेब. देवाची गोस्ट हाय, हुब्यानंच सांगते."

तिने सगळे पुन्हा सांगितले. पिकअप, दोन परकी माणसे, पडवी, ताप, कांबळे. पहिल्या जबानीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. साहेब शेवटपर्यंत तिच्या हातांकडे न बघता तिचे बोलणे ऐकत होते.

महिन्याभरात निकाल लागला. सावळेराम निर्दोष सुटला. निकाल ऐकून तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "मंग साहेब, आता राईत जाऊ का?"

"कोर्टानं कधी मनाई केली होती?"

"कोर्टानं न्हाई साहेब. माझं मीच."

"मग तुमचं तुम्हीच जा," साहेब म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले.

सरवटे साहेब आता कुठल्याशा जिल्ह्याचे मुख्य न्यायाधीश आहेत. रुबिनाने न्यायाधीशाची परीक्षा दिली आणि ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. नेमणुकीवर जाण्याआधी ती कासम मिस्त्रींना घेऊन आली होती. मिस्त्रींनी सवयीने वाकून माझा पाय तपासला आणि मग दोघे गेले. पुढचे मी पाहिलेले नाही. हयातीच्या दाखल्यासाठी आलेले म्हातारे कुशाबा माझ्या खोलीच्या दारात ऋषीला सांगत होते. रुबिना मॅडमची नेमणूक दूर, अनोळखी तालुक्यात झाली. पहिल्या दिवशी त्या कोर्टात शिरल्या, सगळे उठून उभे राहिले, पण मॅडम खुर्चीकडे गेल्याच नाहीत. आधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. हे ऐकीव आहे. ऐकीव सांगू नये, हे मला कळते. पण एवढा एक गुन्हा मला माफ करा.

आता साक्षी पडद्यावरूनही होतात, आणि माझ्या जागी नवा, हलका पिंजरा आला आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. भंगारात जायचीही मला भीती वाटत नाही. माझा पाय आता पुरा आहे, पण मन डुगडुगते ते थांबत नाही. सावळेराम सुटला, कारण त्याच्या बाजूने सात पावले चालायला लावणारी एक मुलगी होती. त्याच्या आधीच्या चार वर्षांत जे माझ्यावर उभे राहिले, त्यांचे काय? कुणी बोरी बुद्रुकचा होता, कुणी महाळुंगे पडवळची होती. किती जणांच्या नावापुढे 'थरथरत होता' असे लिहिले गेले? किती जण खरे बोलून खोटे ठरले आणि घरी जाऊन आपल्याच पायांना दोष देत बसले? मला आकडा माहीत नाही. तो कुठल्याच यादीत नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या वकील व्हाल, कुणी न्यायाधीश, तहसीलदार, सरपंच व्हाल. खुर्ची मिळाली की एकदा तरी समोरच्याच्या जागी जाऊन उभे राहा. कुणी थरथरताना दिसले तर आधी त्याच्या पायाखाली बघा, आणि पायाखाली सगळे नीट असले तरीही पेन खाली ठेवून त्याचे ऐका.

आणि माझे एक काम करा. तुमच्या घरात, गावात एखादी आजी किंवा आजोबा असतील, जे कधीतरी कोर्टात साक्षीला उभे राहिले, खरे बोलले आणि तरी खोटे ठरले. त्या दिवसाचा विषय निघाला की ते अजून गप्प होत असतील. टेम्पो यायच्या आत त्यांना माझा निरोप पोहोचवा. त्यांना सांगा, त्या दिवशी तुमचे पाय हलत नव्हते. मी हलत होतो.